अप्पांची पोती आणि अक्कांचे आलू

ज्या घरात आलू आणायला बंदी होती, अशा घरात मी नांदेडला भाड्यानं राहिले. कांदा-लसूण न चालणारी घरं मला माहीत होती. अंडी चालणार नाहीत हे तर खोली दाखवतानाच सांगतात आणि आपणही मुकाट मान डोलावतो. पण आलू? बँकेतल्या मैत्रिणींना वाटायचं, मी घरमालकाची थट्टा करतेय. मी थट्टा करत नव्हते. संध्याकाळी मी दमून घरी यायची तेव्हा फाटकात घरमालक, म्हणजे अप्पा, हात पुढे करून उभे असत आणि म्हणत, "म्याडम, पिशवी."

पिशवी उघडून बघायची त्यांची पद्धत नव्हती. ती नाकाजवळ न्यायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "मेथी हाय. वांगे हायत. जा." एकदा मेथीच्या जुड्यांखाली मी पावशेर आलू दडवले होते. अप्पांनी वास घेतला, थांबले, पुन्हा घेतला. "खाली मातीतलं काहीतरी हाय," म्हणाले, "आन ते मुळा न्हाई." ते आलू मी शेजारच्या बाईंना देऊन आले.

हे नाक त्यांनी धंद्यात कमावलेलं होतं. अप्पा मूळचे उदगीरचे. कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात सुतळी ओवलेली दाभण. नांदेडच्या बाजारात त्यांचं बारदान्याचं दुकान होतं. बारदाना म्हणजे रिकामी पोती. एका व्यापाऱ्याकडून जुनी पोती घ्यायची, झटकायची, फाटलेली शिवायची आणि दुसऱ्या व्यापाऱ्याला विकायची, हा धंदा. पोत्याला नाक लावून त्यात आधी काय होतं, आणि त्याच्याही आधी काय होतं, ते अप्पा सांगत. पुढं प्लास्टिकची पोती आली आणि दुकान बसलं. अप्पांनी कुलूप लावलं, पण उरलेला बारदाना काही विकला नाही. तो घरी आणून एका खोलीत रचला. ती खोली माझ्या खोलीपेक्षा मोठी होती आणि तिला दोन खिडक्या होत्या.

"प्लास्टिकच्या पोत्याला वास न्हाई," ते म्हणायचे. "वास न्हाई म्हंजे आठवन न्हाई. काल आपल्यात साखर होती का युरिया, त्यालाच म्हाईत न्हाई. असल्यावर काय इश्वास ठेवायचा?"

माणसांनाही ते हीच फूटपट्टी लावत. समोरच्या गल्लीतला दूधवाला त्यांच्या मते प्लास्टिकचा होता. त्यांची बायको, म्हणजे अक्का, तागाची. मला त्यांनी एकदा "डबल शिलाईच्या" म्हटलं. ती स्तुती आहे असं धरून मी आजपर्यंत चालले आहे.

आता बंदीचं सांगते, कारण पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो. अप्पांना कुणीतरी फोनवर एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात परदेशातला एक म्हातारा अंगणात एक पोतं उपडं करतो आणि भुसभुशीत मातीबरोबर धडाधडा आलू बाहेर पडतात, टोपलीभर. पोतं उपडं करायचा तेवढा भाग अप्पा पुन्हापुन्हा बघायचे. त्याच्या आधी त्या म्हाताऱ्यानं काय पेरलं, माती कसली घेतली, पाणी किती दिलं, हे त्यांनी कधीही बघितलं नाही. मी म्हटलं, "अप्पा, सुरुवातीपासून लावा ना." त्यावर म्हणाले, "सुरुवात काय, समद्यांची सारखीच असती."

त्याच सुमारास धर्माबादला अक्कांच्या भावाच्या घरी कार्य होतं. हे भाऊ म्हणजे मिरचीचे आडते, बोलायला तिखट. सगळे त्यांना मामा म्हणत. पंगतीत अप्पांनी जाहीर केलं की मी गच्चीवर पोत्यात आलू पिकवून राहिलो. मामांनी पुरी-भाजीतला आलू दोन बोटांत धरला आणि भर पंगतीत म्हणाले, "दाजी, पोत्यात आलू भरतेत. पिकवत न्हाईत." पंगत हसली. अप्पांनी पानातली भाजी बाजूला सारली आणि तिथंच शपथ घेतली: गच्चीवरचा आलू पोटात जाईपर्यंत आलू आमच्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाई, आन आम्ही दोघं बाहेर कुठं पन खानार न्हाई.

यातलं "आम्ही दोघं" हे फार वाईट झालं. अक्कांना कुणी विचारलंच नव्हतं. त्या त्याच पंगतीत वाढून राहिल्या होत्या, हातात आलूच्याच भाजीचं पातेलं होतं.

आणि अक्कांचा तर आलूवर जीव. उकडलेल्या आलूची पिवळी भाजी, वर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, एवढ्यासाठी त्या लग्नांना जात असत. नवरा-नवरी कोण, हे त्यांना जेवण झाल्यावर कळायचं. शपथेनंतरही त्या लग्नांना गेल्या. पंगतीत भाजी आली की पानावर हात आडवा धरायच्या आणि वाढणाऱ्याच्या पातेल्याकडे तो पुढे जाईपर्यंत बघत राहायच्या. शपथ त्यांची नव्हती, पण मोडली नाही. मला त्यांचा राग यायचा. मी म्हणायची, अक्का, माझ्या बँकेत या, डब्यात आणते, कुणाला कळणार आहे? त्या म्हणायच्या, "त्यांच्या नाकाला कळंल."

मला ती खोली मिळाली तीच मुळी मी रेणापूरची म्हणून. अप्पांनी भाडं, पाणी, लाइट, कशाचंच विचारलं नाही. "घरी शेती हाय?" विचारलं. मी हो म्हटलं. "मंग तुम्ही शेतकरी. तुमची गरज हाय." आमच्याकडे सोयाबीन आणि तूर, आलू आमच्या आजोबा-पणजोबांनीही लावलेला नाही, हे मी सांगून बघितलं. अप्पा म्हणाले, "माती तर हाय ना?"

माती होती. आमची माती म्हणजे काळीभोर, कसदार, तिच्याबद्दल मराठवाड्यात कुणी वाकडा शब्द ऐकून घेत नाही. सुट्टीला गावी गेले की येताना एसटीत माझ्या सीटखाली मातीचं गाठोडं असायचं. कंडक्टर विचारायचा काय आहे, मी म्हणायची माती, तो म्हणायचा, मॅडम, खरं सांगा. त्या पहिल्या हिवाळ्यात अप्पांनी गच्चीवरची सगळी पोती निव्वळ रेणापूरच्या काळ्या मातीनं गच्च भरली. वाळू नाही, भुसा नाही, शेणखत नाही. "असल्या मातीत भेसळ करायची म्हंजे पाप हाय," म्हणाले.

काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की दगड होते, हे रेणापूरचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मीही सांगितलं. पण मी सांगितलेलं अप्पा तेवढंच ऐकत जेवढं त्यांना आधीच पटलेलं असे. शिवरात्रीला त्यांनी शेजारपाजार गच्चीवर बोलावला, शंकराचं नाव घेतलं आणि पहिलं पोतं उपडं केलं. काहीच पडलं नाही. हलवलं, तरी नाही. शेवटी दाभणीनं शिवण उसवून पोतं वर ओढून काढलं, तर आत माती पोत्याच्या आकाराची उभी. खालचे दोन्ही कान, म्हणजे कोपरे, शिवणीच्या वळ्या, सगळं उमटलेलं. बाकीचीही तशीच. पहार आणून ठोकली तेव्हा ठिणगी उडाली. ती मातीची पोती पुढं कितीतरी दिवस गच्चीवर उभी होती आणि खालून बघणाऱ्याला वाटायचं, वर माणसं जमलीत.

दुसऱ्या वर्षी माती भुसभुशीत केली. त्यासाठी अप्पांनी धान्याचा भुसा मागवला, शेणखत मागवलं आणि बियाण्याचे आलूही. आता बियाण्याचा आलू म्हणजेही आलूच, आणि तो तर उंबऱ्याच्या आत येऊ शकत नव्हता. अप्पा गल्लीत उभे राहिले, मी गच्चीवर, आणि बादलीला दोर बांधून मी बियाणं बाहेरच्या बाहेर वर ओढून घेतलं. शपथ शाबूत राहिली. मग त्या आलूंना कोंब फुटायला उभं ठेवायचं होतं. व्हिडिओच्या खाली कुणीतरी लिहिलं होतं की अंड्याच्या ट्रेमध्ये ठेवा. अप्पांच्या घरात अंड्याचा ट्रे म्हणजे प्रलयच. त्यांनी अक्कांचं इडलीपात्र गच्चीवर नेलं. प्रत्येक खळग्यात एकेक आलू, डोळे वर करून बसलेला. थंडीचे दिवस संपत आले तरी त्या घरात इडली झाली नाही.

कोंब छान आले. झाडंही आली, हिरवीगार. आणि अप्पांना धीर धरवला नाही. रोज सकाळी पूजा झाली की ते वर जायचे, बाही सारायचे आणि पोत्यात कोपरापर्यंत हात घालून चाचपायचे. "वाटान्याएवढा हाय," खाली येऊन सांगायचे. दुसऱ्या दिवशी, "अजून वाटान्याएवढाच हाय." तिसऱ्या दिवशी तो वाटाणा नीट बघता यावा म्हणून बाहेर काढायचे, उजेडात धरायचे, पुन्हा आत ठेवायचे आणि वरून माती थोपटायचे. झाडं मान टाकत गेली. त्या शिवरात्रीला पोत्यांतून मुळ्यांचा गुंता निघाला आणि अप्पांचा हरवलेला चष्मा.

त्या दिवशी अक्का बोलल्या. त्या फार बोलणाऱ्या नव्हत्या, त्यामुळे मी हातातलं भगरीचं ताट खाली ठेवलं. "पुढच्या शिवरात्रीला निघाले तर ठीक," त्या म्हणाल्या. "न्हाई निघाले तर मी भावासंगं धर्माबादला चालले. तिथं आलू खाईन आन तिथंच ऱ्हाईन. आन आत्तापासून पोत्यात हात घालायचा न्हाई. माझी शप्पथ हाय तुम्हाला."

अप्पांचा चेहरा उतरला. अक्का एकदाच सांगतात, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

तिसऱ्या वर्षी चारच पोती लावली, पण निवडून. हळदीचं, तुरीचं, गव्हाचं आणि साखरेचं. साखरेच्या पोत्यावर त्यांची फार मदार होती. "ह्याची नियत चांगली हाय," म्हणायचे. हात घालायची बंदी असल्यानं गच्चीवर फिरताना ते दोन्ही हात पाठीमागे बांधून फिरत. एक हात दुसऱ्याचं मनगट धरून ठेवत असे, कारण मोकळा सोडला की तो आपोआप पोत्याकडे जायचा. मग त्यांनी नवीनच काढलं. गुडघ्यावर बसून ते पोत्याला कान लावायला लागले. अक्कांनी बघितलं तर म्हणाले, "ऐकायला बंदी न्हाई." आणि मला हळूच सांगितलं, "सुजून राहिलेत."

आलूला थंडी मानवते म्हणून अप्पा थंडीच्या बाजूनं झाले. गल्ली कुडकुडत असायची आणि हे फाटकात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "काय झकास गारठा पडलाय." माघ सुरू झाला, ऊन चढायला लागलं, तसे ते बेचैन झाले. अक्कांच्या जुन्या लुगड्यांचा मांडव घातला. तेवढ्यानं भागेना म्हणून माझ्या खोलीतला टेबलफॅन वर नेला आणि वायर लांबवून पोत्यांसमोर लावला. तो फिरणारा पंखा होता. प्रत्येक पोत्याला सारखा वारा मिळतोय का, हे अप्पा त्याच्या मागे बसून बघत. मी खाली वर्तमानपत्रानं वारा घेत बसायची. एकदा वैतागून मी वर गेले भांडायला, तर ते पंख्याकडे बघत म्हणाले, "म्याडम, जन्मभर पोती विकली. भरलेलं असलं की दुसऱ्याचं, रिकामं झालं की आपलं. एकदा आपलं पोतं उपडं करावं आन त्यातनं काईतरी पडावं, बास." मी पंखा न मागताच खाली आले.

शिवरात्र जवळ आली तशी झाडं पिवळी पडून आडवी झाली. ती तशीच व्हायला हवीत, आलू तयार झाला की पाला वाळतो, हे मला आता कळतं. तेव्हा मला वाटलं, संपलं. अक्का कपाटातली लुगडी काढून त्यांच्या घड्या घालत होत्या. घड्या घालून झाल्या की पुन्हा मोडायच्या आणि पुन्हा घालायच्या. ही दोघं वेगळी राहिली तर काय होईल, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं: अप्पा रोज फाटकात उभे राहतील आणि माझीच पिशवी हुंगतील. मी बँकेतून लवकर निघाले, भाजीवालीकडून दोन किलो आलू घेतले, वळसा घालून मागच्या गल्लीतून बादलीच्या दोरानं वर ओढले. अप्पा दुपारचे झोपले होते. तुरीच्या पोत्यात खड्डा करून मी पिशवी उलटी केली आणि माती सारखी केली. तुरीचं अशासाठी की रेणापूरच्या माणसाचा हात दुसरीकडे कुठे जाणार.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी मामा आले, बहिणीला न्यायला. आल्या आल्या म्हणाले, "जराक वर वारा खाऊन येतो." माझ्याच पंख्याचा. मला काही वाटलं नाही.

शिवरात्रीला पूजा आटोपून आम्ही चौघं गच्चीवर गेलो. या वेळी शेजाऱ्यांना बोलावलं नव्हतं. अप्पांनी धोतराचा सोगा खोचला आणि हळदीचं पोतं उपडं केलं. माती पडली, चार मुळ्या पडल्या. अक्कांनी नजर दुसरीकडे वळवली.

मग तुरीचं. माती पडली आणि मागून धडाधडा आलू आले, मोठाले, गुळगुळीत, धुतलेले. अप्पा खाली बसले आणि एकेक आलू हातात घेऊन बघायला लागले. शेवटी त्यांच्या हाताला काहीतरी लागलं. त्यांनी ते वर धरलं. दोन हिरव्या मिरच्या आणि कोथिंबिरीची काडी. भाजीवालीनं वर फुकट टाकलेली, आणि मी न बघता पिशवी उलटी केलेली.

"म्याडम," अप्पा म्हणाले, "तुम्ही शेतकरी. आलूच्या झाडाला कोथमीर येती का?"

मी म्हटलं, "कधी कधी." दुसरं काही सुचलं नाही.

अप्पा उठले आणि गव्हाचं पोतं उपडं केलं. त्यातूनही आलू आले, आणि ते तर सगळे एका मापाचे, एकाही आलूला डाग नाही. अप्पांनी एक उचलून नाकाला लावला आणि त्यांना शिंक आली. दुसरा लावला, पुन्हा शिंक. शिंकांची रांगच लागली. डोळे पुसत ते मामांकडे वळले. "हे मिरचीच्या पोत्यातनं आले. धर्माबादच्या."

मामांनी आधी आकाशाकडे बघितलं, मग पंख्याकडे. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्यांनी घातले ते चालतेत का? माझा माल तर निवडून आनलेला हाय." मी म्हटलं, मामा, तुम्हाला काय पडलं होतं, तुम्हीच तर हसला होतात. त्यावर मामांचा आवाज एकदम खाली आला. "अक्का आली ऱ्हायला तर ती आन माझी बायको, दोघी एका चुलीवर. म्या कुठं जाऊ?" त्यानंतर कुणाचे आलू बरे यावर आमची खरंच बाचाबाची झाली. मी म्हटलं माझे ताजे आहेत, ते म्हणाले ताजे काय करायचेत, त्या दोन हिरव्या मिरच्यांनी तर तुमचं बिंग फोडलं.

"मंग माझे कुठले?" अप्पांनी विचारलं.

ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नव्हते. दोन ढिगांच्या मध्ये उभे होते, हात पुन्हा पाठीमागे गेलेले, आणि खरंच विचारत होते. मला रडू यायला लागलं.

साखरेचं पोतं राहिलं होतं. अप्पांनी त्याच्याकडे बघितलं, मग अक्कांकडे. "ऱ्हाऊ द्या ते," म्हणाले. "त्याच्यात बी कुनीतरी घातलेच असतील."

"घालाया गेलते," अक्का म्हणाल्या.

अप्पांनी मान वर केली.

"परवाच्या दिवशी पदरात घेऊन आलते. शेजारनीकडनं. हात घातला," अक्का म्हणाल्या, "तर आत होते. माझे वापस देऊन आले."

अप्पा म्हणाले, "मला शप्पथ घातली आन सोता हात घातला?"

"शप्पथ तुम्हाला होती."

"मंग सांगितलं कामून न्हाई? दोन दिस मी झोपलो न्हाई."

"तुम्हाला पोतं उपडं करायचं होतं," अक्का म्हणाल्या.

अप्पांनी पोत्याचे दोन्ही कान धरले. दुसरीकडून मामांनी धरलं. माती सैल होऊन पसरली आणि तिच्यात ओंजळभर आलू होते, लिंबाएवढे, काही बोराएवढे, मातकट. अप्पांनी एकावरून अंगठा फिरवला तर साल नुसत्या बोटानं सुटली. बाजारातल्या जुन्या आलूची अशी सुटत नाही. त्यांनी तो नाकाशी नेला आणि तिथंच धरून ठेवला. मग अक्कांच्या तळहातावर ठेवला.

अक्कांनी तो पदराला पुसला आणि कच्चाच तोंडात घालून अर्धा तोडला.

"अगं, शिजव तरी," अप्पा म्हणाले.

"शिजंपर्यंत कोन थांबतंय," अक्का म्हणाल्या, आणि उरलेला अर्धा त्यांनी अप्पांच्या तोंडात घातला.